एलातच्या वाटेवर तीन मोठ्या गाड्या



बीरशेवाहून एलातला जायला दोन वाटा आहेत. एक ४० नंबरचा रस्ता. तो स्दे बोकेर, अवदात आणि मित्स्पे रामोनवरून डोंगराच्या वळणांनी खाली उतरतो आणि एलातच्या अलीकडे साधारण ५० कि.मी.वर केतुरा नाक्याला ९० नंबरच्या रस्त्याला मिळतो. दुसरी वाट दिमोनावरून २५ नंबरने खाली अरावात उतरते आणि मग ९० नंबरने सरळ दक्षिणेला जाते. अंतर दोन्हीकडून अडीचशे कि.मी.च्या आसपास. पण बसणाऱ्याच्या कंबरेला विचाराल तर या दोन वाटा म्हणजे दोन वेगळे देश आहेत.

आपल्या समाजाच्या पार्किंगमध्ये हल्ली पाहावे तिकडे मोठमोठ्या एसयूव्ही उभ्या दिसतात. हिब्रूत लोक सरसकट सगळ्यांना ‘जीप’ म्हणतात. या देशात गाड्यांवर कर भारी, पेट्रोल महाग, गल्ल्या अरुंद, तरी मुले सात सीटची गाडी घेतात. विचारले की उत्तर एकच, “आईबाबांना आरामात नेता येतं.” हे उत्तर कितपत खरे आहे ते पाहण्याची संधी आम्हाला २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाली. म्हणून हा लेख.

आम्ही तीन कुटुंबे, अशदोद, लोद आणि बीरशेवाची. एकूण सतरा माणसे, त्यात पाच वयस्कर आणि सहा मुले. निमित्त होते आमची थोरली मावशी. वय ८४. तिची धाकटी बहीण एलातला राहते, वय ७९. धाकटीचे गुडघे गेले, थोरलीच्या मणक्याचे ऑपरेशन झाले, आणि चार वर्षे दोघींची भेट फक्त फोनवर. फोनवरही धड नाही, कारण थोरलीला कानाचे यंत्र आहे आणि फोनवर तिला निम्मेच कळते. डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली नव्हती, पण हादरे बसू देऊ नका असे बजावले होते. मावशीने निघण्यापूर्वीच सांगितले, “मी स्दे बोकेरपर्यंत येते. कंबर बोलली तर तिथूनच परत. माझ्यामुळे कुणी हट्ट करायचा नाही.” म्हणजे आमच्या तीन गाड्यांची परीक्षाच लागली होती.

आता गाड्यांची ओळख. कंपन्यांची नावे आम्ही छापत नाही, कारण आमचा अनुभव आमच्या तीन गाड्यांपुरता. पहिली लोदवाल्यांची, कोरियन, नवी कोरी, २० इंची चकचकीत चाके. दुसरी बीरशेवावाल्यांची, जपानी, पंधरा वर्षांची, चौकोनी, उंच, टपावर सामानाचा कॅरियर. तिसरी अशदोदवाल्यांची, अमेरिकन, लांबच लांब, आत शिरले की दिवाणखान्यात आल्यासारखे वाटावे अशी.

मावशी पहिल्यांदा कोरियन गाडीत मधल्या रांगेत बसली. गावातून बाहेर पडेपर्यंत सात गतिरोधक लागले, ज्यांना इथे सगळे ‘बाम्पर’ म्हणतात. दर बाम्परला मावशी डोळे मिटायची. गाडी हळूच जात होती, पण दणका खालून सरळ पाठीत. मोठा रस्ता लागल्यावर गाडी छान स्थिर धावली, पण डांबराचा प्रत्येक सांधा टक टक करून कळत होता.

मुलांनो, असे का होते ते नीट समजून घ्या. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये तीन उशा असतात. पहिली उशी टायरमधली हवा, दुसरी स्प्रिंग आणि तिसरी आपली सीट. लोखंडी चाक जितके मोठे तितका त्याच्याभोवतीचा रबर बारीक, कारण टायरची बाहेरची उंची तेवढीच ठेवावी लागते. दिसायला रुबाबदार, पण पहिली उशी पातळ झाली. त्यातून मोठी चाके वजनदार, आणि खड्ड्यात आपटून वर येणारे जड चाक आवरायला स्प्रिंगला जास्त कष्ट पडतात. शॉक अब्सॉर्बरचे काम आणखी निराळे. स्प्रिंग दाबली गेल्यावर ती पुन्हा पुन्हा नाचू नये म्हणून तो तिला धरून ठेवतो. तो थकला की गाडी पाळण्यासारखी झुलत राहते.

स्दे बोकेरला आम्ही थांबलो. बेन गुरियन आणि पत्नी पोला यांच्या कबरी तिथे कड्याच्या टोकावर आहेत, समोर खाली त्सिनची दरी. १९७३ साली ते गेले. देशाचा पहिला पंतप्रधान वाळवंटात एका साध्या घरात राहायला आला, हे आमच्या पिढीला फार भावायचे. मावशी कठड्यापाशी उभी राहून बराच वेळ दरीकडे पाहत होती. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. शेवटी तिने विचारले, “त्या जुन्या गाडीत जागा आहे का?”

जुनी गाडी उंच. मावशीला चढणेच कठीण. पण बीरशेवाच्या वहिनीने गाडीत एक लाकडी स्टूल ठेवलेले असते. आधी स्टूल, मग पायरी, मग दाराजवळची मूठ धरून सीटवर. मोठ्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला खरा त्रास धावताना नसतो, चढता-उतरताना असतो, हे कुणी माहितीपत्रकात छापत नाही.

मावशी पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारी बसली, आणि आश्चर्य म्हणजे कंबर गप्प राहिली. कारणे नानांनी सांगितली. त्यांनी हयात गॅरेजात काढली आहे. या गाडीचे टायर जाड, त्यांना भरपूर रबर. शिवाय मागे सगळ्यांचे सामान, पाण्याचे कॅन आणि जेवणाची पातेली. अशा दणकट गाड्यांच्या स्प्रिंगा ओझ्याच्या हिशोबाने बनवलेल्या असतात. रिकामी असताना गाडी उड्या मारते, भरली की शहाण्यासारखी चालते. आणि पुढची सीट दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मधोमध पडते. तिसऱ्या रांगेत बसणारा मात्र जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेला असतो, त्यामुळे चाकाचा दणका त्याला थेट. एस.टी.च्या लाल डब्यात शेवटच्या बाकावर बसून रेवदंड्याला गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. खड्डा आला की माणूस वर आणि पिशवी खाली.

पण या गाडीचा आवाज! पुढून गुणगुण, खालून घरघर, आणि टपावरच्या कॅरियरमधून एक बारीक शीळ. शंभर कि.मी.च्या वेगाला साधारण गाडीच्या आत ६५ ते ७० डेसिबल आवाज असतो, आणि आपण बोलतो ते ६० च्या आसपास. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, तेव्हा हा फरक लहान समजू नये. मावशीने अवदातपर्यंत वाट पाहिली आणि मग यंत्रच कानातून काढून पिशवीत ठेवले. कंबर सुखी झाली, पण माणूस एकटा पडला. मागे मुले गाणी म्हणत होती, ती तिला ऐकू येत नव्हती.

यातही समजून घेण्यासारखे आहे. वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त ही अक्षरे त्यातच मोडतात. त्यामुळे म्हातारा माणूस म्हणतो, “आवाज येतो, पण शब्द कळत नाही.” त्यात रस्त्याची घरघर शब्दांवर पांघरूण घालते, आणि कानाचे यंत्र बोलण्याबरोबर ती घरघरही मोठी करते. घरी माणूस ओठ पाहून निम्मे समजून घेतो. गाडीत सगळे एकमेकांच्या पाठीकडे तोंड करून बसलेले. तेव्हा आजी-आजोबा गाडीत गप्प बसले तर ते रागावले आहेत असे मुलांनी समजू नये.

अवदात हे नबाती लोकांचे प्राचीन शहर. उंटांचे तांडे धूप आणि मसाले घेऊन याच वाटेने भूमध्य समुद्राकडे जात. २००५ साली युनेस्कोने या वाटेवरची गावे जागतिक वारसा म्हणून नोंदवली. नाना म्हणाले, “उंटाला चार शॉक अब्सॉर्बर, पण तरी बसणाऱ्याची कंबर मोडतेच.” सगळे हसले. आणि मग त्यांनी पाना काढला. मित्स्पे रामोनला चहा होईपर्यंत टपावरचे दोन आडवे दांडे सुटून मागे सतरंजीत गुंडाळले गेले. शीळ बंद! रिकामा कॅरियर टपावर घेऊन फिरणाऱ्यांनी हा विनाखर्चाचा उपाय अवश्य करावा. आवाजही कमी आणि पेट्रोलही थोडे वाचते.

मित्स्पे रामोन हे गाव १९५१ साली एलातचा रस्ता बांधणाऱ्या मजुरांची छावणी म्हणून सुरू झाले. आज तिथे रस्त्यात रानबोकड बिनधास्त फिरतात, आणि गावाच्या टोकाला जमीन एकदम संपते. समोर माखतेश रामोन. हिब्रूत माखतेश म्हणजे खल, मसाला कुटायचा खल. लांबी साधारण ४० कि.मी., खोली ५०० मीटर. हा ज्वालामुखीने झालेला नाही आणि आकाशातून दगड पडूनही नाही. वरचा कठीण खडक फुटला आणि आतली मऊ माती पाण्याने लाखो वर्षे वाहून नेली. या जातीचा हा जगातला सर्वांत मोठा खल. मुले कड्यावरून ओरडत होती. मावशी म्हणाली, “एवढ्या खलात किती गावांचा गरम मसाला होईल!”

इथून खाली उतरणारा घाट म्हणजे मआले हाअत्समाऊत. वळणावर वळण. इथे तिसऱ्या गाडीची पाळी आली. अमेरिकन गाडी आतापर्यंत सगळ्यांत शांत आणि मऊ. मुलांनी भांडून त्यात जागा पटकावली होती. पण घाटात ती दर वळणाला होडीसारखी डुलायला लागली. चौथ्या वळणाला एकाला, सहाव्याला दुसऱ्याला गाडी लागली. दोघेही तिसऱ्या रांगेत बसून मोबाइलवर खेळत होते. आतल्या कानाला कळते की शरीर हलते आहे, डोळ्यांना मात्र स्थिर पडदा दिसतो. या भांडणात पोट बिघडते. पुढे बसवून, काच उघडून, लांब क्षितिजाकडे पाहायला लावले तेव्हा रंग परत आला. शिवाय आवळासुपारी होतीच. जी मऊ गाडी सरळ रस्त्यावर सुख देते तीच वळणावर त्रास देते. त्याच घाटात कोरियन गाडी, सकाळी जिला सगळ्यांनी नावे ठेवली होती, रुळावरून चालल्यासारखी न डुलता उतरली.

तेव्हा आम्हाला कळले की चांगली गाडी आणि वाईट गाडी असे काही नसते. रस्ता कोणता आणि बसणारा कोण, यावर सगळे ठरते.

या मोठ्या गाड्यांचा वंश मुळात आरामाचा नव्हेच. दुसऱ्या महायुद्धातली जीप घ्या किंवा १९४८ ची लँड रोव्हर, दोन्हींना लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगा, बैलगाडीपेक्षा दोन पायऱ्या वर इतकेच. १९७० साली रेंज रोव्हर आली, तिने गुंडाळीच्या स्प्रिंगा लावल्या आणि शेतावरची गाडी शहरातही बरी चालू लागली. १९९२ मध्ये त्याच गाडीला हवेच्या स्प्रिंगा मिळाल्या. अमेरिकेत शेवरोले सबर्बन हे नाव १९३५ पासून चालू आहे, पण तिच्या मागच्या दोन चाकांना एकमेकांपासून स्वतंत्र हलण्याची सोय २०२१ च्या मॉडेलमध्ये झाली. त्याआधी डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही कलायचे. आता बहुतेक कौटुंबिक गाड्यांत सांगाडा आणि अंग एकत्र जोडलेले असते, म्हणून त्या आधीच्या मानाने शांत असतात. काहींत खिडक्यांना दोन थरांची काच असते. काहींत आवाजाने आवाज मारण्याची युक्ती आहे. छोटे मायक्रोफोन घरघर ऐकतात आणि स्पीकरमधून तिच्या बरोबर उलटी लाट सोडतात, दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. जाड, खालच्या सुरातल्या आवाजावर ही युक्ती चांगली चालते, वाऱ्याच्या शिळेवर फारशी नाही.

माखतेशच्या पुढे केतुरापर्यंत वस्ती जवळजवळ नाहीच. लाल, पिवळे, काळे डोंगर, ‘उंटांपासून सावध’ अशा पाट्या, आणि मध्येच खडबडीत डांबर. खडबडीत डांबरावर तिन्ही गाड्या गुरगुरल्या, मग ते लगेच गुळगुळीत झाले की एकदम कान उघडल्यासारखे वाटायचे. योतवाताला थांबून सगळ्यांनी आइस्क्रीम खाल्ले. मावशीने आइस्क्रीम खाताना विचारले, “स्दे बोकेर कधी गेलं?” आणि तिथे आम्ही समजलो की आता ती परत फिरत नाही.

एलातला धाकटी मावशी काठी टेकून खाली फाटकापाशी येऊन उभी होती. दोघी बहिणी काही बोलल्या नाहीत. थोरलीने पिशवीतून यंत्र काढले, कानात घातले आणि म्हणाली, “आता बोल.”

तीन दिवस राहिलो. समुद्र पाहिला, तिम्नाला सुलेमानाचे खांब पाहिले. पण लिहिण्यासारखे आहे ते परतीचे. धाकटी मावशी महिनाभर बीरशेवाला राहायला आमच्याबरोबर निघाली, आणि दोघींचा हट्ट की शेजारी शेजारी बसायचे. आम्ही विचार करून परतीसाठी ९० नंबरचा सरळ रस्ता घेतला आणि दोघींना अमेरिकन गाडीत मधल्या रांगेत बसवले. वळणे नाहीत, म्हणून डुलणे नाही. दोन थरांच्या काचा, म्हणून वारा बाहेर. मागच्या रांगेत तीन नातवंडे. मोबाइल आपोआप खाली ठेवले गेले, कारण पुढे गोष्ट चालू झाली होती.

१९६४ साली दोघी रेवदंड्याहून निघाल्या तेव्हाची गोष्ट. पहाटेची एस.टी., मग रेवसची लाँच आणि भाऊचा धक्का. लाँचच्या इंजिनाचा एवढा धडधडाट की काठावर उभे राहून आजी काय ओरडत होती ते त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. थोरली म्हणत होती, “ती म्हणत होती, पत्र टाका.” धाकटी म्हणत होती, “नाही गं, ती म्हणत होती, पोरीला धर.” अठ्ठावन्न वर्षे दोघींनी दोन वेगळी वाक्ये जपली होती, आणि हे दोघींना त्या दिवशीच कळले. गाडीत काही क्षण कुणी बोलले नाही. मग मागून सर्वांत धाकट्या नातवाने हिब्रूत विचारले, “साव्ता, दोन्ही म्हणाली असेल, नाही का?” दोघी मागे वळून त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्याचा मराठी शब्द न शब्द त्या गाडीत मागे पोचला होता. पुढे अरावा नाक्याकडे समुद्रसपाटीच्या खालून दिमोनाची चढण लागली, सगळ्यांच्या कानांत दडे बसले, जांभया देऊन ते सोडवले, आणि गोष्ट पुन्हा चालू झाली.

आमच्यापैकी लोदवाल्यांनी नंतर, २०२४ मध्ये, विजेवर चालणारी मोठी गाडी घेतली. त्यांचा अनुभव असा की इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे गावात गाडी स्वप्नासारखी शांत. पण मोठ्या रस्त्यावर टायरचा आणि वाऱ्याचा आवाज उलट जास्त जाणवतो, कारण त्याला झाकायला दुसरे काही नाही. यावेळी त्यांनी चाके मात्र १९ इंची घेतली, दुकानदार मोठ्या चाकांचा आग्रह करत असूनही.

वाचकांच्या उपयोगासाठी आमच्या अनुभवाचे सार देतो. चालवणाऱ्याच्या दाराच्या चौकटीवर टायरमधल्या हवेचे आकडे लिहिलेले असतात, थोड्या माणसांसाठी एक आणि भरल्या गाडीसाठी एक. टायर थंड असताना त्याप्रमाणे हवा भरावी. जास्त भरली तर दणके, कमी भरली तर टायर तापतो आणि धोका. टायर बदलताना दुकानात शांत टायर मागावा. चिखलासाठीचे जाड नक्षीचे टायर डांबरावर भुंग्यासारखे गुणगुणतात. पाठीच्या दुखण्याच्या माणसाला पुढची सीट द्यावी. तिसरी रांग लहानांची, पण घाटात नाही. कानाचे यंत्र असणाऱ्याशी बोलायचे तर खिडक्या बंद, रेडिओ बंद, पंख्याचा वेग कमी, आणि एका वेळी एकानेच बोलावे. दीड तासाला एकदा थांबावे. आणि एक स्टूल डिकीत असू द्यावे.

मोठी गाडी घ्यायला निघाल तेव्हा शोरूमला एकटे जाऊ नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या, त्याला आत बसवा, चार बाम्परवरून फिरवा, मग मोठ्या रस्त्यावर नेऊन मागच्या सीटवरून हळू आवाजात एक प्रश्न विचारा. त्याने उत्तर दिले तर गाडी घ्या.